फुटबॉलपटूंचा वेग आणि ओझ्यासह धावण्याचा सराव



सारसोळे हे नेरुळ परिसरातील मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. एका अंगाला खाडी, कांदळवन आणि होड्यांची जेट्टी. दुसऱ्या अंगाला सिडकोने १९७० नंतर वसविलेले शहर. याच नेरुळमधील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेची उपांत्य लढत झाली. पुढे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच रंगला आणि स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळविला. असे मैदान ज्या नगरात आहे, तेथील दाटीवाटीच्या गावठाणातील मुलामुलींना रोजच्या सरावासाठी मोकळी जागा मिळणे मात्र दुरापास्त असते. म्हणूनच थोड्या जागेत आणि अल्प खर्चात होणाऱ्या एका सरावाचा विचार येथे करावयाचा आहे.

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. त्यामुळे खेळाडूला मैदानाला फेऱ्या घालावयास लावल्या की तयारी झाली, अशी समजूत अनेक शाळांत रूढ आहे. दमसास हवाच, परंतु सामन्याचा निकाल बहुधा दोन-चार सेकंदांच्या धावेत लागतो. जर्मनीच्या प्रमुख साखळी स्पर्धेतील २००७-०८ च्या हंगामातील ३६० गोलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गोल करणाऱ्या खेळाडूने त्याआधी सरळ रेषेत वेगवान धाव घेतली होती, असे त्यांपैकी सुमारे ४५ टक्के गोलांत आढळले. अशी धाव पुष्कळदा दहा-वीस मीटरांचीच असते. म्हणजे फुटबॉलपटूचा खरा वेग पहिल्या काही पावलांत पाहावयाचा. आपल्या खो-खोत ‘खो’ मिळताच बैठकीतून झेपावणारा खेळाडू हेच कौशल्य दाखवितो, आणि शाळेतील चपळ आघाडीपटू पुष्कळदा खो-खोच्या संघातच सापडतो!

या पहिल्या पावलांचे शास्त्र साधे आहे. धावणारा पायाने जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे ढकलते. आरंभी शरीर पुढे झुकलेले असते व पाऊल जमिनीवर तुलनेने अधिक काळ टेकते. तेवढ्या अवधीत मागच्या दिशेने जितका जोर लावता येईल, तितका वेग लवकर वाढतो. कमरेला दोर बांधून मागे वजन ओढीत धावले की शरीर आपोआप पुढे झुकते आणि प्रत्येक पावलाला अधिक रेटा द्यावा लागतो. ओहोटीच्या चिखलातून होडी ढकलणारा कोळी ताठ उभा राहून ढकलीत नाही, हे सारसोळ्याच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

प्रतिरोधाची साधने अनेक आहेत आणि त्यांचे गुणही निरनिराळे. परदेशी प्रशिक्षण केंद्रांत वापरतात ती घसरगाडी किंवा आपला जुना टायर जमिनीशी घासत येतो. त्यामुळे त्याचा अडथळा पहिल्या पावलापासून लागतो. पाठीला बांधण्याच्या छत्रीचे तसे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने आरंभीच्या संथ पावलांना ती फारशी अडवीत नाही, मग फुटबॉलच्या दृष्टीने तिचे मोल ते काय? सौम्य चढ मात्र उत्तम आणि फुकट; पारसिक डोंगराच्या बाजूला चढ पुष्कळ आहेत, पण वाहत्या रस्त्यावर मुलांना पळवू नये. कोरड्या वाळूत पाऊल रुतते व धावेची ढबच बदलते, म्हणून तिचा उपयोग जपूनच करावा.

बळ आणि फुटबॉल यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूरचे नामवंत संघ आजही पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी नावे मिरवितात, आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. दोर चढून आणि हौद्यातील माती खणून कमावलेले अंग धावेत कसे उतरवावे, हा मात्र वेगळा अभ्यास आहे.

ओझे किती असावे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पूर्वी शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे मानीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हौशी प्रौढ खेळाडूंनी शरीराच्या वजनाच्या ऐंशी टक्के भार ओढून आठ आठवडे सराव केला व त्यांच्या पुढच्या दिशेच्या जोरात वाढ दिसली. शाळेत असे भार वापरण्याचे कारण नाही. शिवाय तोच टायर कोरड्या मातीवर हलका, तर श्रावणातल्या ओल्या गवतावर वेगळाच भासतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा घड्याळावर विसंबावे. वीस मीटर अंतर मोकळे धावून ३.५ सेकंद लागत असतील, तर ओझ्यासह सुमारे ३.९ सेकंद लागावेत. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी उतरतो. याहून अधिक वेळ लागला, तर टायरमधील वाळूची पिशवी काढून घ्यावी.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून, वीस मीटरांच्या सहा ते आठ धावा पुरेशा होत. प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटे पूर्ण विश्रांती द्यावी आणि अखेरीस दोन-तीन धावा ओझ्याविना घ्याव्यात. विश्रांतीच्या वेळी मुले नुसती उभी दिसतात, म्हणून काही शिक्षक अस्वस्थ होतात व त्यांना पुन्हा पळवितात. तेथेच सराव बिघडतो. थकलेला खेळाडू हळू धावण्याचाच सराव करीत असतो. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून टायर ओढावयास लावणे तर सर्वथा गैर होय. लहान वयात ओझ्याची गरज नाही. लंगडी, शिवाशिवी आणि चढावरच्या शर्यती पुरेत. वाढीच्या वयात गुडघा वा टाच दुखू लागल्यास धाव थांबवून डॉक्टरांकडे न्यावे.

हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, ओझ्याविना पूर्ण जोराने घेतलेल्या छोट्या धावांनीही वेग वाढतो. दोन्ही पद्धतींच्या फलितांत फार मोठे अंतर आढळत नाही. तेव्हा जेथे एकही वेगवान धाव घेतली जात नाही, तेथे आधी ती सुरू करावी, टायर नंतर आणावा.

यासाठी सरळ, सपाट, खड्डे व काचा नसलेली पन्नास मीटर लांबीची पट्टी लागते : वीस मीटर धावण्यास आणि उरलेली थांबण्यास. रुंदी तीन-चार मीटर पुरे. शाळेच्या कुंपणालगत ती बहुधा निघते, फक्त तेथे वाहने उभी राहू देता कामा नयेत. दोर चार-पाच मीटर लांब असावा, कमरेचा पट्टा रुंद असावा, आणि मुलामुलींच्या वेळांची वही निराळी न ठेवता एकच ठेवावी.