किण्वनविद्येचे ग्रंथ



गाझियाबादजवळचे मोहननगर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. १९४९ साली डायर-मीकिन ही मद्यनिर्मितीची कंपनी हाती घेणाऱ्या नरेंद्रनाथ मोहन यांचे नाव त्यास मिळाले. तरीही बिअर कशी होते याचे पुस्तक घरातील मुलाने मागितले, तर आपल्या भुवया उंचावतात. मग अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्याने जाहिरातींवरच विसंबावे काय? भय पेयाचे असावे, ज्ञानाचे नसावे.

ग्रंथ निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली परंपरेची. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'मेदक' या सुरेसाठी पाणी, तांदूळ व किण्व यांची मापे दिली आहेत, त्यासाठी प्रा. र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली अर्थशास्त्राची आवृत्ती पाहावी. 'किण्वन' हा आपला शास्त्रीय शब्द त्याच कुळातला. दुसरी कसोटी कारणमीमांसेची. बिअर नासते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चरने १८७६ च्या ग्रंथात दाखविले. जे पुस्तक 'का' सांगत नाही, ते बाजूस ठेवावे. तिसरी प्रमाणाची. जॉन पामर यांच्या 'हाउ टू ब्रू'च्या २०१७ च्या आवृत्तीत मोड आणून वाळविलेले जव, यीस्ट, तापमान व स्वच्छता यांचा काटेकोर विचार आहे. स्वादाचे नुसते गुणगान नाही.

मात्र दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, हे वाचकाने विसरू नये. प्रयोगाची हौस इडलीच्या पिठावर भागवावी. किण्वनाचा पहिला धडा तेथेही मिळतो. ग्रंथांना मात्र आपल्या कपाटात उघडपणे जागा द्यावी.