‘मी ऐकलं होतं’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, “वकीलसाहेब, कायद्यातलं सोपं काहीतरी सांगा आणि दहा मिनिटांत आटपा.” दहा मिनिटांत आटपणारा वकील मी अजून पाहिलेला नाही. आणि जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगू नये, हाच आजचा विषय आहे. कोर्टात त्याला ऐकीव पुरावा म्हणतात.

समजा, खापरखेड्याहून कोराडीकडे जाताना ट्रकनं एका सायकलवाल्याला उडवलं. साक्षीदार कोर्टात म्हणतो, “पानठेलेवाला सांगत होता, ड्रायव्हर प्यायलेला होता.” न्यायाधीश म्हणतील, मग पानठेलेवाल्यालाच बोलवा. कारण ड्रायव्हरला पाहिलं त्यानं. त्यानं शपथ घेतलेली नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. तो किती अंतरावर होता, उजेड होता का, ड्रायव्हरशी त्याचं जुनं भांडण होतं का, हे विचारायचं कोणाला? १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम ६० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात तो कलम ५५ मध्ये आहे. पाहायची गोष्ट पाहणाऱ्यानं सांगावी, ऐकायची गोष्ट ऐकणाऱ्यानं सांगावी.

यात एक बारकावा आहे. “त्यानं मला जिवे मारायची धमकी दिली,” असं कोणी सांगितलं तर ते ऐकीव नाही. तिथे धमकीचे शब्द उच्चारले की नाही हाच प्रश्न आहे, आणि ते शब्द याच्याच कानांनी ऐकले आहेत.

पण नियम अगदी ताठ ठेवला तर न्यायच अडतो. म्हणून अपवाद आहेत. अपघात होताक्षणी कोणी ओरडलं, तर ते ओरडणं घटनेचाच भाग मानतात. मेलेल्या दुकानदारानं रोजच्या व्यवहारात केलेली वहीतली नोंद चालते. पांदण रस्ता सगळ्या गावाचा आहे, असं एखाद्या जाणत्या म्हाताऱ्यानं वाद सुरू होण्याआधी सांगितलेलं असेल, तर त्याच्या मागं तेही चालतं. सर्वांत मोठा अपवाद मृत्यूपूर्व जबाबाचा. जुनं कलम ३२, आताचं २६.

या अपवादावरचा देशभर गाजलेला निकाल आपल्या नागपूरच्या खटल्यातला आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. १२ फेब्रुवारी १९५६ च्या रात्री नागपुरात एका माणसावर तलवारी-भाल्यांनी हल्ला झाला. त्याला मेयोत नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, कोणी मारलं? त्यानं दोन नावं घेतली, खुशाल आणि तुकाराम. डॉक्टरनं ते लगेच लिहून ठेवलं. मग पोलीस अधिकाऱ्यानं जबाब घेतला, मग मॅजिस्ट्रेटनं. तिन्ही जबाब दोन-अडीच तासांच्या आत झाले. दुसऱ्या दिवशी तो वारला.

प्रश्न असा आला की केवळ अशा जबाबावर, दुसऱ्या पुराव्याचा आधार नसताना, शिक्षा देता येते का? २५ सप्टेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात सांगितलं, येते. मात्र तो जबाब कसोटीला उतरला पाहिजे. मरणाऱ्याला मारेकरी ओळखण्याइतका उजेड होता का? तो प्रत्येक वेळी तेच सांगत होता का? पहिल्याच संधीला बोलला का? मधल्या वेळात त्याला कोणी पढवलं तर नाही? खुशालरावचं अपील फेटाळलं गेलं. तुकाराम मात्र त्याआधीच उच्च न्यायालयातून सुटला होता. त्या भागात तुकाराम नावाची एकाहून अधिक माणसं होती, आणि मरणाऱ्यानं सांगितलेला तुकाराम हाच, याची खात्री पटेना.

मरणाऱ्या माणसाचा शब्दसुद्धा कायदा इतका पारखून घेतो. आता माझी गोष्ट सांगतो.

आपण नववीत असताना सहलीचे गोळा केलेले पैसे हरवले. वर्गात विचारणा झाली, “कोणाला काही माहीत आहे का?” मी उभा राहिलो आणि एका मुलाचं नाव घेतलं. मी काही पाहिलं नव्हतं. मला मधल्या सुट्टीत एकानं सांगितलं होतं, त्याला आणखी कोणी. “तू पाहिलंस का?” हा एक प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं, दप्तर उलटं केलं. दप्तरात डबा आणि वह्या निघाल्या. चार दिवसांनी पैसे एका जुन्या रजिस्टरमध्ये सापडले. पण ‘चोर’ हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढच्या वर्षी तो दहावीसाठी मामाच्या गावी गेला. मी सुटलो, मला कोणी काही बोललं नाही.

वकिलीत पहिल्यांदा कलम ६० वर युक्तिवाद केला, त्या दिवशी संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

तो आज या मांडवात बसला आहे. हे सांगायची परवानगी मी काल रात्री त्याच्याकडून घेतली. तो म्हणाला, “सांग बे, आता काय!” त्यानं हसून म्हटलं, पण आधी थोडा वेळ गप्प होता.

कायद्यात आणखी एक अपवाद आहे. माणसानं स्वतःविरुद्ध दिलेली कबुली दुसऱ्या कोणीही कोर्टात सांगितली तरी चालते. तेव्हा तुम्ही सगळे आता साक्षीदार आहात: पैसे त्यानं घेतले नव्हते आणि मी काही पाहिलं नव्हतं. हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत, ते बरंच झालं. नाव घेतलं तेव्हा सगळा वर्ग होता, माफी एकट्यात मागून चालणार नव्हतं.

मित्रा, मला माफ कर.

आणि तुम्हा सर्वांना एकच विनंती. आज आपल्या खिशात मोबाइल आहे, दर तासाला कोणाबद्दल काहीतरी येतं. पुढं पाठवण्याआधी स्वतःला विचारा, “मी पाहिलं का?”