चार डिस्क, एक डबा आणि रात्रीची घरघर

गेल्या भागात पाठीमागे एक बारीक ‘ऊंऽऽ’ ऐकू येत होतं, असं बऱ्याच जणांनी कळवलं. कुणाला तो एसी वाटला, एका ताईंनी तर शेजारी पिठाची गिरणी आहे का, असं विचारलं. गिरणी नाही हो. तो माझा हार्ड डिस्कचा डबा, म्हणजे एन्क्लोजर. आता तो बदललाय. कसा निवडला ते आज सांगतो, कारण घरी तीन-चार डिस्क सुट्या पडलेल्या तुमच्यातही खूप आहेत.

आपली खोली वागळे इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आता इथे आयटी कंपन्या आणि काचेच्या इमारती आल्यात, पण आमच्या खाली अजून प्रेस शॉप आहे. दिवसभर धाडधाड. म्हणून आपण रेकॉर्डिंग रात्री नऊनंतर करतो. गंमत अशी की, दिवसा त्या डब्याचा आवाज कुणाला कळतच नाही. प्रेस बंद झाली की मग तो बोलायला लागतो.

पण आवाज ही दुसरी तक्रार. पहिली त्याहून मोठी होती. इथल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांच्या मुलाखती आपण करतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या एका काकांची तीन तासांची मुलाखत होती, त्यातली चाळीस मिनिटंच आपण प्रसारित केली. काका गेले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीचा फोन आला, “दादा, बाबांचं सगळं बोलणं मिळेल का?” म्हटलं, उद्या देतो. रात्री डबा चालू केला तर दिवा लागेना. आतलं सर्किट गेलं होतं.

चारही डिस्क ठणठणीत होत्या, पण त्या डब्यानेच रेड-५ पद्धतीने एकत्र बांधल्या होत्या. म्हणजे प्रत्येक फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर विखुरलेले, आणि ते कसे जोडायचे हे त्या डब्यातल्या चिपला माहीत. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावल्या, तर कॉम्प्युटर म्हणतो फॉरमॅट करू का? घाम फुटला मला. शेवटी लॅमिंग्टन रोडला अकरा दिवस खेटे घातल्यावर त्याच मॉडेलचा जुना डबा मिळाला, त्यात त्याच क्रमाने डिस्क बसवल्या आणि मुलाखत हाती आली. त्या अकरा दिवसांत त्या ताईंना मी काय-काय कारणं सांगितली, ते इथे सांगत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घरगुती कामासाठी स्वस्त डबा घेताना रेडचे पैसे देऊच नका. साधा घ्या, ज्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्र दिसते. डबा मेला तर डिस्क उचलायची, दुसऱ्यात घालायची. ऑरिको, टेरामास्टर अशा कंपन्यांचे डबे मिळतात, पण कंपनीपेक्षा मॉडेल बघा, कारण एकाच कंपनीचे काही डबे रेडवाले तर काही साधे असतात. आणि घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. डब्यात एखादी फाइल लिहा, डिस्क बाहेर काढून थेट कॉम्प्युटरच्या साटा केबलला लावा. फाइल दिसली तर ठीक. काही डबे सेक्टरचा आकार मधल्यामध्ये बदलून दाखवतात, मग ती डिस्क बाहेर कुठे ओळखली जात नाही. असा डबा परतीची मुदत आहे तोवर परत करा.

आता आवाज. तो दोन ठिकाणांहून येतो, पंखा आणि खुद्द डिस्क. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो किरकिरतो. मोठा पंखा सावकाश फिरतो. तेव्हा पंख्याचा आकार विचारा, आणि वेग कमी करता येतो का तेही. दुकानदार म्हणेल, पंखा कमी केला तर डिस्क तापेल. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मध्यम तापमानात, थोडी जास्त गरम डिस्क जास्त बिघडते, असं आढळलंच नाही. फार तापल्यावर मात्र त्रास दिसला. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चौतीस-पस्तीसला असते, त्यामुळे पंखा पूर्ण बंद नको. मी डिस्क पंचेचाळीस अंशांच्या आत ठेवतो. हे बघायला डबा डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती पुढे पाठवणारा हवा. सगळे पाठवत नाहीत.

डिस्कची घरघर वेगळी. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, तोच तो ‘ऊंऽऽ’. चार डिस्क असल्या की वेग किंचित मागेपुढे असतो, म्हणून आवाज लाटेसारखा वरखाली होतो. हा आवाज टेबलात उतरतो आणि टेबल तबल्यासारखं वाजतं. उपाय मला खाली प्रेस शॉपमध्येच मिळाला. तिथल्या फोरमनने मशीनखाली घालायच्या रबरी पॅडचे चार तुकडे कापून दिले, चहावर! डबा त्यावर ठेवला आणि निम्मी घरघर तिथेच संपली. फक्त हवेच्या जाळ्या झाकू नका. डबा बंद कपाटात कोंबणं तर नकोच.

उरलेला आवाज घालवायला मी डबा दाराबाहेर ठेवला, तीन मीटरच्या यूएसबी केबलवर. त्याहून लांब साध्या केबलचा भरवसा नाही. ५४०० आरपीएमच्या डिस्क घेतल्या तर आणखी बरं. आपल्या आवाजाच्या फाइलला तासाला जेमतेम एक जीबी लागतो. त्याला महागडा वेग काय करायचा? पाच गिगाबिटची जुनी यूएसबीसुद्धा एका डिस्कला पुरून उरते.

अॅडॅप्टर मात्र नीट बघा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, चालू झाल्यावर फार कमी. चार एकदम सुरू झाल्या तर आठ अँपिअर. तेव्हा एक तर अॅडॅप्टर दणकट हवा, नाही तर डबा डिस्क एकामागून एक सुरू करणारा हवा. आणि लाइट जाऊन आली की डबा आपोआप चालू होतो का, हेही विचारा. मी ते विचारलं नाही, आता रोज सकाळी बटण दाबायला बाहेर जातो.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मी शेवटी सांगतोय. चार खण खरंच लागतात का? माझ्या चार जुन्या डिस्कमधलं सगळं एका मोठ्या डिस्कवर मावलं. दुसरी तेवढीच डिस्क तिची नक्कल म्हणून घेतली, ती डब्यात नसते, डोंबिवलीला बहिणीच्या कपाटात असते. दर महिन्याला जाऊन ताजी करून येतो. दोन खणांचा डबा चारपेक्षा स्वस्त आणि शांतही, कारण आत फिरणाऱ्या डिस्कच कमी. हे उशिरा सुचलं. तोवर चार खणांचा घेऊन बसलो होतो, त्यातले तीन सध्या रिकामे आहेत.

काकांची पूर्ण मुलाखत त्यांच्या मुलीच्या परवानगीने पुढच्या भागापासून ऐकवतोय, तीन भागांत. टूलरूममध्ये पहिल्या दिवशी त्यांना दिवसभर फक्त कानशीच का घासायला लावली, तिथून सुरुवात आहे.