मध्ये एक टेबल असू द्या

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि गोव्यातून आलेले संवाद व वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक, संशोधक, आणि शेवटच्या दोन रांगांत बसून मी उभा राहायच्या आधीच ‘लाइव्ह’ गेलेली आमची खानदेशी पोरंपोरी,

आपणा सर्वांचं धुळ्यात मनापासून स्वागत करतो.

मी प्राध्यापक नाही. आग्रा रोडला लागून एका बोळात माझा छापखाना आहे आणि त्याच्या माडीवरून एक लहानसं दैनिक निघतं. स्वागताध्यक्ष कोणाला करतात हे आपण जाणताच. मंडपाचं आणि जेवणाचं पाहणारा माणूस त्या निमित्ताने चार शब्द बोलून घेतो. पण विद्यापीठाच्या संवाद-अभ्यासक्रमात समाजमाध्यमं आणि ऑनलाइन साधनं कशी वापरावीत, हा या परिषदेचा विषय माझ्या रोजच्या धंद्याशी येऊन भिडला. तुमचे विद्यार्थी पदवीच्या आधी नाहीतर नंतर माझ्याच माडीचा जिना चढतात. तेवढ्या हक्काने बोलतो.

गावाची ओळख करून देणं हे माझं पहिलं काम. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या शेवटच्या दिवशी देह ठेवला तो याच गावात. त्यांचं दप्तर सांभाळणारं संशोधन मंडळ इथे आहे, उद्या सकाळी आपण तिकडे जाणारच आहोत. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून आणि दुकानांतून त्यांनी कागद मिळवले. कागद कोणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत मिळाला, हा त्यांच्या लेखी बारकावा नव्हता, अर्धा इतिहास तिथेच होता. आणि इथल्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ध्वनिमुद्रण यंत्र नव्हतं. समोर साने गुरुजी बसून ऐकत होते आणि लिहून घेत होते, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत.

ही जुनी पुण्याई झाली. ताजी सांगतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ते सगळं प्रकरण जगाला कळलं. आता तर खानदेशातली विनोदी नाटुकली आणि अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींच्या घरात पाहिली जातात. लग्नाच्या हळदीत वाजणारं गाणं शेताच्या बांधावर शूट होतं, मोबाइलवर कापलं जातं आणि रात्रीपर्यंत सुरतेत नोकरीला असलेल्या भावापर्यंत पोचतं. यातल्या एकानेही तुमचा क्रेडिटचा पेपर दिलेला नाही. तेव्हा ‘समाजमाध्यमांची ओळख’ हे पहिलं घटक-प्रकरण आता अभ्यासक्रमातून काढून टाकलंत तरी चालेल. ओळख केव्हाच झाली आहे, संसार चालू आहे.

साधनांची नावं अभ्यासक्रमात घालण्याबद्दलही माझी एक तक्रार आहे. अभ्यासमंडळात चर्चा, मग विद्वत परिषद, मग छपाई, मग पुस्तक. एवढं होईपर्यंत साधन जिवंत राहतं का? ऑर्कुट २०१४ साली मिटलं. बातमीची गोष्ट ट्विटांतून गुंफायला पत्रकारितेच्या वर्गांत शिकवलं जाणारं स्टोरिफाय २०१८ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर आमच्या पोरांचा जम बसत होता, २९ जून २०२० ला सरकारने ते बंद केलं. ट्विटरचं २०२३ मध्ये नाव बदललं आणि त्याच वर्षी संशोधकांना फुकट मिळणाऱ्या माहितीची वाटही बुजली. कोणती पोस्ट कुठून कुठे पसरली हे दाखवणारं क्राउडटँगल २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेलं. त्याच्या भरवशावर प्रबंध सुरू केलेली मंडळी या सभागृहातही असतील. आणि विद्यार्थी मात्र परीक्षेत ‘ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा स्पष्ट करा’ याचं उत्तर अजून लिहितो आहे. ती मर्यादा २०१७ सालीच दुप्पट झाली होती.

मग विद्यापीठाने शिकवायचं काय? हे सांगायला मी तुम्हाला माझ्या माडीवर घेऊन जातो.

नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आलं आणि दर सत्रात दोन-चार विद्यार्थी आमच्याकडे येऊ लागले. हुशार असतात. माझ्या वार्ताहराला अर्धा तास लागतो ते रील दहा मिनिटांत करतात. मागच्या पावसाळ्यात अशीच एक मुलगी धावत वर आली. पांझरेला पूर आलेला, देवपुराकडे जाणाऱ्या पुलावरून पाणी चाललेलं, असा फोटो तिच्या फोनवर. आमच्या पेजवर लगेच टाकू या म्हणाली. आमचे वयस्कर ऑपरेटर आयुष्यभर पानं लावत आले आहेत. त्यांनी फोटो मोठ्या पडद्यावर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डाव्या कोपऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं. पाटी तेलुगूत होती. धुळ्यात तेलुगू पाटी कुठली? मुलीला विचारलं, ‘बेटा, हा फोटो कुठून आला?’ ती म्हणाली, ‘ग्रुपवर आला.’ ‘ग्रुपवर कोणी टाकला?’ तिला माहीत नव्हतं. मग तिनेच उलट शोध लावून मूळ फोटो काढला, पुलाजवळ राहणाऱ्या मावशीला फोन केला आणि अर्ध्या तासाने तिनेच खरी बातमी लिहिली: पाणी वाढलं आहे, पूल चालू आहे. तोवर तो फोटो गावभर झाला होता, पण आमच्या नावाने झाला नव्हता.

त्या मुलीला फोटो शोधायचं तंत्र येत होतं, वर्गात प्रात्यक्षिकही झालं होतं. शोधायला लावणारं कोणी मध्ये नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला टेबल म्हणतात. वार्ताहर आणि वाचक यांच्या मध्ये एक टेबल असतं, त्यावर एक खडूस माणूस बसतो आणि ‘कोण म्हणालं? कधी? तू स्वतः पाहिलंस?’ एवढंच विचारत राहतो. फोनमध्ये ते टेबल नाही. बातमी आणणारा, लिहिणारा, छापणारा आणि वाटणारा एकच अंगठा.

त्याची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजलेली आहे. पाहुण्यांपुढे हे बोलू नये असं काही जणांनी सुचवलं होतं, पण संवाद शिकवणाऱ्यांपुढे नाही बोलायचं तर कोणापुढे? १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले, त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हे संदेश कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर येत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबावर जमाव धावून गेला होता, तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. राईनपाड्याचे आरोपी पुढे सापडले तेही लोकांनीच मोबाइलवर काढलेल्या चित्रणावरून.

त्या वर्षी देशभर अशा अफवांबरोबर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. एवढंच संपादन. तुमच्या व्हिडिओ संपादनाच्या प्रात्यक्षिकात कात्री कशी चालवायची हे शिकवतात. कात्री चालवल्यावर काय उरतं हेही त्याच तासाला शिकवा, आणि उदाहरण म्हणून हेच घ्या. व्हॉट्सअॅपने नंतर ‘फॉरवर्डेड’चा शिक्का आणला, एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ते बरंच झालं, पण ते कंपनीचं काम झालं. आपलं कुठे झालं?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की समाजमाध्यमं वर्गात जरूर आणा, पण विद्यार्थी आणि अनोळखी वाचक यांच्या मध्ये एक टेबल मांडा आणि त्यावर तुम्ही स्वतः बसा. शिक्षक संपादक होणार नसेल तर ऑनलाइन वर्गकाम न दिलेलं बरं. हे मी हवेत बोलत नाही. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक प्रयोग केला. इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे आणि त्याचे गुण मिळवायचे. कल्पना नामी होती. उत्तरपत्रिका एकटे सर वाचतात, हे सगळं जग वाचणार. शेकडो विद्यार्थी उतरले. पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे परिच्छेद जसेच्या तसे लेखांत जाऊ लागले, परदेशातले स्वयंसेवक ते उपसता उपसता मेटाकुटीला आले आणि प्रयोग काही महिन्यांतच थांबवावा लागला. मुलांना दोष देणं सोपं आहे. पण शाळेपासून ‘पुस्तकातलं जसंच्या तसं लिही’ याचेच गुण मिळालेल्या मुलाला स्वामित्वहक्क कोणी सांगितला होता? शिवाय विद्यार्थी फार आणि पाहणारे थोडे. ज्यांनी गुण द्यायचे, त्या शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः कधी विकिपीडियावर एक ओळ संपादित केलेली नव्हती.

तोच प्रयोग छोटा करून बघा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. दहाच विद्यार्थी घ्या. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातल्या एका बंधाऱ्यावर किंवा यात्रेवर लिहावं, प्रत्येक विधानाला आधार द्यावा, आणि तुम्ही मसुदा तीनदा परत करावा. पानभर मजकूर होईल. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांना तर सांगण्यासारखं इतकं आहे, की त्यांना विषय द्यावाच लागत नाही.

दोन अडचणी मला दिसतात, त्या मांडून ठेवतो, उत्तरं तुम्ही शोधा. पहिली मुलींची. ‘प्रत्येकाने सार्वजनिक खातं उघडावं, रोज एक पोस्ट टाकावी, त्यावर वीस गुण’ असं सांगणं सोपं. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, त्यातली एक तर नुसतं ‘लाइक’ करणारी. ज्या कायद्यांचा आधार घेतला गेला त्यातलं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं, हे खरं. पण न्यायालयाने रद्द करेपर्यंत, आणि नंतरही, शेरेबाजी करणारे आणि घरी फोन करणारे असतातच. खेड्यातून येणाऱ्या मुलीचं नाव आणि चेहरा गुणांसाठी चव्हाट्यावर मांडायला लावू नका. टोपणनाव चालेल, वर्गापुरतं बंद पान चालेल, नको म्हणण्याचीही सोय असावी, आणि नको म्हटल्याने गुण जाऊ नयेत.

दुसरी अडचण तुमची स्वतःची. या सभागृहातले किती जण तासिका तत्त्वावर आहेत, हे हात वर करायला लावून विचारत नाही. तासाचे पैसे मिळतात. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र रात्री साडेअकरालाही ‘सर, उद्या सबमिशन आहे का?’ विचारतो, त्याला तास नाही. टेबलावर बसायचं तर वेळ लागतो आणि त्या वेळेचा हिशेब कोणाच्या तरी बिलात धरावा लागतो. विद्यापीठाचे अधिकारी समोरच बसले आहेत, म्हणून मुद्दाम मोठ्याने बोललो.

टेबलावर बसणाऱ्याने स्वतःही लिहावं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहाच्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. हस्तलिखित, रोज, एकच प्रत. अमळनेर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. आजच्या भाषेत ती त्या वसतिगृहाची पोस्टच, फक्त लिहिणारे आधी शिक्षक होते. तुमच्यापैकी किती जणांचं स्वतःचं काही नियमित, विद्यार्थ्यांना दिसेल असं लिहिलं जातं? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून किती दिवस हात हलवणार?

आता व्यवस्थेचं. जेवण दीडला, मागच्या अंगणात. शेवभाजी आहे, आमच्याकडची आहे, तेव्हा पहिला घास जपून घ्या. कमी तिखटाची वेगळी केली आहे, पण ती मागायला लाजू नका, पुण्याची मंडळी दरवर्षी उगाच लाजतात. राहण्याची काही गैरसोय झाली तर स्वागतकक्षात सांगा; तिथे माणूस बसवला आहे, ग्रुप केलेला नाही.

आणि ज्यांना आमचं टेबल प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी आज रात्री नऊनंतर छापखान्यावर यावं. पान सोडायची वेळ साडेबाराची, त्याआधीचे दोन तास बघण्यासारखे असतात. जिना अरुंद आहे, एका वेळी दहाच जण वर या. आमचे ऑपरेटर पाहुण्यांशी फारसं बोलत नाहीत, पण फोनमधला एखादा फोटो त्यांच्यापुढे धरून ‘हा खरा का?’ असं विचारलंत तर बोलायला लागतील.