आधी नोंद, मग निधी



‘गावचा तलाव दुरुस्त करायचा आहे, कुठली योजना मिळेल?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याची वेळ चुकते. योजना आधी ठरली की तलावाचं काय करायचं, हे ती योजनाच ठरवते. योजना गाळ काढण्याची असेल तर गाळ निघतो, सुशोभीकरणाची असेल तर काठावर फरशी आणि बाकडी येतात. तलावाचं दुखणं काय होतं, हे कुणी पाहिलेलंच नसतं. निसर्गाच्या आधाराने एखादी जागा सावरायची असेल तर माहिती, माणसं आणि पैसा कुठे मिळतात आणि ते कोणत्या क्रमाने शोधावेत, एवढंच मी आज मांडणार आहे. उदाहरण घेतो पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचं.

‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या भागांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते बांधायला सुरुवात केली. नवेगाव बांध त्यांतलाच. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळ बांधणारा, पाट सोडणारा, मासे धरणारा, शिंगाडा लावणारा यांची एकमेकांशी बांधलेली व्यवस्था तिथेच सैल झाली. आज यांतले बरेच तलाव उथळ झाले आहेत, काठावर बेशरम ही तणवनस्पती माजली आहे आणि धानाच्या बांध्यांना शेवटचं पाणी मिळेल याची खात्री उरलेली नाही.

अशा तलावासाठी पहिली जागा शोधायची ती महसूल दप्तरात. विदर्भात दोन अभिलेख आहेत, जे उरलेल्या महाराष्ट्रात सहसा कुणाला ठाऊक नसतात: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ते कायम ठेवले. चराई, जळण, माती, वाट, सिंचन, मासेमारी यांबाबत गावाचे हक्क आणि रूढी त्यांत लिहिलेल्या असतात. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला जायचं, याचा माग इथेच लागतो. सोबत गावनकाशा आणि जुना बंदोबस्त नकाशा काढावा, म्हणजे तलावाची मूळ हद्द कळते आणि अतिक्रमण कुठे झालं तेही दिसतं. एक व्यवहारी सूचना. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून आणि गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. जुनं दप्तर नव्या जिल्ह्यात सापडलं नाही तर जुन्या जिल्ह्यात विचारा. १९०८चं भंडारा गॅझेटियरही चाळा. मारुती चितमपल्लींचं ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे पुस्तकसुद्धा मी संदर्भ म्हणूनच वाचायला सांगेन.

दुसरी जागा नकाशांची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५०,०००ला १ या प्रमाणातले नकाशे आता संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहचित्रं आहेत. ‘गूगल अर्थ’वर मागच्या वर्षांची चित्रंही पाहता येतात. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. या सगळ्यांत बघायचं काय? तलाव एकटा नसतो. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो. वरच्या नाल्यावर रस्ता आडवा आला असेल तर खालच्या तलावातला गाळ कितीही काढला तरी तो भरत नाही. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवल्या आहेत. आपल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, त्या ठिपक्यांत गेल्या. त्यांचं मोजमाप गावानेच करायचं आहे.

तिसरी जागा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत दुर्लक्षित: ढिवर या मासेमार समाजाची माहिती. कोणता मासा पहिल्या पुरात उथळ पाण्यात चढून अंडी घालतो, कोणती वनस्पती कुठल्या खोलीला उगवते, कोणत्या पाणवनस्पतीखाली पिल्लं लपतात, हे त्यांना माहीत असतं. कायद्यानेही याला जागा दिली आहे. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर अनेक नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. तुमच्या गावची नोंदवही मागवा आणि ती तलावाच्या काठावर, मासेमारांसमोर वाचा. जिथे ते हसतील तिथे दुरुस्ती करा.

ही माहिती एका भेटीत मिळत नाही. माशांची चढण पावसाळ्याच्या सुरुवातीला दिसते, पाणवनस्पती पावसाळ्याच्या अखेरीस ओळखता येतात, स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि तळ उघडा पडतो तो उन्हाळ्यात. म्हणून आराखड्यासाठी एक पूर्ण वर्ष द्या. उन्हाळ्यात सुचलं आणि उन्हाळ्यातच मशीन लावलं, तर तलाव कोरडा असताना जे दिसलं तेवढ्यावरच काम होतं. मग तळ चोहोबाजूंनी खडा खोदला जातो. पाणी साठतं, पण उताराची उथळ कड जाते. मासे अंडी घालतात ती हीच कड. पाणपक्षी चरतात तीही हीच.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, याचा दाखला गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर तलावांचा अभ्यास केला. मग महिलांच्या गटांनी बेशरम उपटली, तळाचा भाग नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. आधी माशांना काय खायला लागतं ते पाहिलं, नंतर माशांकडे वळले. क्रम म्हणतो तो हा.

जगाच्या पातळीवरचं एक साधनही वापरण्याजोगं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०२० साली निसर्गाधारित उपायांसाठी मानक प्रसिद्ध केलं. त्यात ८ निकष आणि २८ निर्देशक आहेत. ते विनामूल्य मिळतं. जैवविविधता वाढली का, निर्णयात सर्वांना वाटा मिळाला का, एकाचा फायदा दुसऱ्याच्या नुकसानीवर तर उभा नाही, अनुभवानुसार काम बदलायची सोय आहे का, हे त्यातले प्रश्न ग्रामसभेत मराठीतून विचारले तरी निम्मा आराखडा तयार होतो.

आता पैसा. मजुरीच्या कामाला रोजगार हमी आहे, गाळाला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आहे, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत पर्यावरण हा विषय येतो. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना आपल्या हद्दीतल्या पाणलोटाचं रक्षण करण्याचा अधिकार आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला तो हक्क २००९ साली मिळाला. मात्र एक पळवाट ओळखून ठेवा. २०१७च्या पाणथळ जागा नियमांनी सिंचनासाठी बांधलेल्या मानवनिर्मित तलावांना आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. त्यामुळे त्या नियमांचं कवच मामा तलावाला आपोआप मिळेल, या भरवशावर राहू नका. त्याचं खरं कवच गावाच्या नोंदी आणि ग्रामसभेचा ठराव हेच.

निधी देणाऱ्यांचं माप घनमीटरचं असतं. किती गाळ काढला ते लगेच मोजता येतं. मरळ आणि शिंगी हे मासे परत आले का, हे कळायला काही पावसाळे लागतात. म्हणून हातात वर्षभराची नोंद नसेल तर निधीवाल्याचं माप आपल्याला स्वीकारावं लागतं. नोंद असेल तर आपण सांगू शकतो: इथला गाळ काढा, ती कड सोडा, हा नाला मोकळा करा, ही वनस्पती लावा.

तुमच्या गावात तलाव असो, बोडी असो किंवा ओढा, एवढं करा. पहिल्या आठवड्यात तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात नकलांसाठी अर्ज टाका. ग्रामपंचायतीकडून जैवविविधता नोंदवही मागवा. येत्या पावसाळ्यात मासेमारांबरोबर काठाने फिरा आणि दर ऋतूत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात ती वही घेऊन योजनेच्या दारात जा. त्याआधी कुणी पोकलेन पाठवतो म्हणालं, तर त्याला वर्षभर थांबायला सांगा.