लेकरांचे ताट आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

वर्धापनदिनी धम्मावर बोलावे असा रिवाज आहे. मीही धम्मावरच बोलणार, पण जेवणाच्या ताटापासून सुरुवात करतो.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित एकदा भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही की त्याला रागावले नाही. जेवणात मात्रा ओळखणाऱ्याचा त्रास कमी होतो, त्याला म्हातारपण सावकाश येते, एवढाच उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार आटोक्यात आला, अंग हलके झाले. ही कथा संयुत्तनिकायात आहे.

कोणी म्हणेल, तो राजा होता. आपल्या वस्तीत जाडेपणाचा विषय कशाला? आपल्या मायबापांनी १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढले. म्हणून नातवंड गुटगुटीत दिसलं की आजी दृष्ट काढते. त्यात तिचा काय दोष? तिनं भूक पाहिली आहे. पण आता भुकेनं रूप बदललं आहे, ते आपण ओळखलं पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर मायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपलं बाळ इंग्लंडच्या बाळापेक्षा वजनानं बरंच कमी भरतं. पण त्याच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते, असे त्यांना दिसले. म्हणजे आईच्या पोटात उपाशी राहिलेलं लेकरू पुढे नुसतं गोड-तेलकट खाऊन वाढलं, तर मधुमेह त्याला लवकर गाठू शकतो. मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात २.१ होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झाले. त्याच पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. एकाच गल्लीत एक लेकरू वाळलेलं, दुसरं सुजल्यासारखं. दोघांच्याही ताटात डाळ, अंडं, भाजी कमी. आई-बाप दोघेही कामाला. पाच रुपयांचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात केव्हाही मिळतं, त्यानं पोरगं गप्प बसतं. भाकरी-पिठलं करायला सवड लागते, आणि तीच कष्टकऱ्याकडे नसते. म्हणून मायांनो, मी तुम्हाला दोष देत नाही.

मग उपाय काय? एकट्यादुकट्याचं हे काम नाही. आपल्याच मराठवाड्याचं उदाहरण घ्या. विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या काळात, २००२ पासून, तेव्हाच्या औरंगाबाद विभागात बालमृत्यू आणि कुपोषणाविरुद्ध मोहीम सुरू झाली. आपला जालना जिल्हा त्याच विभागातला. त्यातूनच २००५ साली युनिसेफच्या साथीने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. अंगणवाडी, आरोग्य खाते आणि लोक एकत्र आले. लेकरांची वजनं होऊ लागली, गरोदरपणापासून पहिल्या हजार दिवसांवर भर दिला गेला. राज्यात दोन वर्षांखालच्या खुज्या बालकांचं प्रमाण २००५-०६ मध्ये शंभरात ३९ होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ वर आलं. एकजुटीनं हे झालं. वाळलेल्या लेकरासाठी जी एकजूट झाली, तीच आता जाड होणाऱ्या लेकरासाठीही हवी.

आपल्या विहारापुरत्या माझ्या चार सूचना आहेत.

पहिली. विहारात वाढदिवस असो की जयंती, लेकरांच्या हातात क्रीमची बिस्किटं आणि रंगीत पाणी देऊ नका. फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, केळी, उकडलेलं अंडं द्या. दानाचं पुण्य कमी होणार नाही.

दुसरी. २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळ, असं ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. निधी परत सुरू करा, असा अर्ज आपण सह्यांनिशी देऊ. पण तोवर लेकरं थांबतील का? कमिटीनं दानपेटीतला काही भाग शाळेच्या अंड्यांसाठी काढावा. आपल्या लेकरांसाठी नव्हे, वर्गातल्या सर्व जातीच्या लेकरांसाठी.

तिसरी. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा केंद्राचा नियम आहे. तो मुख्याध्यापकांना आणि दुकानदारालाही गोडीनं दाखवा. गाडीवाला आपलाच गरीब भाऊ आहे. त्याला उकडलेल्या शेंगा, काकडी विकता येतील. त्याचं पोट मारू नका.

चौथी. विहाराचं पटांगण संध्याकाळी तासभर मुलांना मोकळं ठेवा, त्या वेळी तिथे गाड्या लावू नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज एक तास तरी अंगमेहनतीचा खेळ हवा म्हणते. मुलींनाही खेळू द्या. त्यांना भांड्यांपाशी अडकवू नका.

आणि एक विनंती. कोणत्याही लेकराला 'ए जाड्या', 'ए काडी' म्हणून हिणवू नका. हिणवलं जाणं काय असतं, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आवाज उठवला. बाळाची काळजी आईच्या पोटापासून घ्यायची आणि ती सगळ्यांनी मिळून घ्यायची, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. 'शिका' हा त्यांचा पहिला आदेश. पण शिकायला लेकरू वर्गात ताजंतवानं बसलं पाहिजे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत या चारपैकी दोन गोष्टी जरी झाल्या, तरी आजचा दिवस सार्थकी लागला म्हणेन.