कागदावरची प्रत्येक ओळ विचारा



दसरा आला की अमरावतीत अंबादेवीच्या देवळाजवळ हार घातलेल्या नव्या गाड्या पूजेला येतात. मागच्या दसऱ्याला आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची गाडीही तिथं होती. तुरीचे पैसे, शिलाईतून साठवलेली शिल्लक आणि वर बँकेचं कर्ज, अशी जुळवाजुळव करून घेतलेली. पण पेढे वाटताना वहिनी गप्पच. विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू व माय, सात लाखाची गाडी म्हणे, अन् कागदावर साडेआठ लाख झाले. मुहूर्त टळत होता, म्हनून देऊन टाकले."

त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही तो कागद मधोमध ठेवला आणि एकेक ओळ वाचली. एकच प्रश्न विचारत गेलो: हे पैसे कोणाचे? सरकारचे, विम्याचे, की दुकानदाराचे?

आधी सरकारचे. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो. सात लाखांवर झाले ७७ हजार. मोटारीची नोंदणी फी ६०० रुपये, आरसी कार्डाचे २००, आणि गाडी कर्जावर असेल तर कर्जाच्या नोंदीचे १५००. हे चुकत नाहीत, पण यांची सरकारी पावती मिळते. ती मागून घ्यायची. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस कापतात. तो आपल्याच आयकरात जमा होतो. विवरणपत्र भरताना तो दाखवायला विसरू नका.

मग विमा. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा घेतला तरी चालतो. आणि तो शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती कोणी करू शकत नाही. वहिनींनी ३८ हजार भरले होते. तेवढ्याच संरक्षणाचा भाव बाहेर विचारला, तर २९ हजार सांगितला.

उरलं ते दुकानदाराचं. हँडलिंग चार्ज साडेआठ हजार. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप मिळून १४ हजार. कोटिंगचे सहा हजार. हँडलिंग म्हणजे काय? गाडी कारखान्यातून दुकानापर्यंत आणण्याचा खर्च शोरूम किमतीत धरलेला असतो. नोंदणीची फी आपण वेगळी भरलेलीच असते. नवी तयार गाडी तपासणीला आता आरटीओत न्यावीही लागत नाही. मोटार वाहन कायद्यात या नावाची फीच नाही. कुठं त्याला लॉजिस्टिक म्हणतात, कुठं फॅसिलिटेशन. नाव बदललं तरी ओळ तीच.

वहिनींनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलावर हँडलिंग स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून ते साडेआठ हजार परत आले. पण सीट कव्हर आणि कोटिंगचे २० हजार त्यांनी रोख दिले होते, बिनपावतीचे. ते गेले ते गेलेच. वहिनींची वर्षभराची शिलाई होती ती.

म्हणून या पाडव्याला गटातल्या मावशी गाडी घ्यायला निघाल्या, तेव्हा आम्ही दोघी सोबत गेलो, तेही मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी. बुकिंगचा एक रुपयाही न देता आधी सगळ्या रकमांचा शिक्क्याचा कागद मागितला. विम्याचा बाहेरचा भाव हातात होता. हँडलिंगची ओळ दिसली तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हे कोणत्या नियमात आहे, तेवढं लिहून द्या." लिहून कोणी दिलं नाही, ओळ मात्र खोडली. सीट कव्हर मावशींनी बाजारातून निम्म्या पैशात घेतले.

तरीही कोणी ऐकलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी अकोल्यात घेतली आणि घर अमरावतीत असेल, तर अमरावतीच्या आयोगात जा. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला तक्रारीची फी २०० रुपये आहे.

मैत्रिणींनो, भाजी घेताना दोन रुपयांसाठी आपण घासाघीस करतो आणि काचेच्या शोरूममध्ये गेलो की संकोचतो. समोर चहा येतो, थंड पाणी येतं, घरचे पुरुष म्हणतात, आता कशाला विचारायचं. विचारायचं. हप्ता पुढची पाच वर्षं आपल्याच घरातून जाणार आहे. ज्याची पावती नाही ते द्यायचं नाही, आणि मुहूर्त हाताशी असताना सही करायची नाही. कागद आधी घरी आणा, चार जणींनी मिळून वाचा, मग हार घाला.